पाण्याला हात लावायचा नाही

गडकिल्ले वाचवा, गडकिल्ले जपा, अशी हाक आज महाराष्ट्रात चारी बाजूंनी ऐकू येते. 2025 च्या जुलैमध्ये युनेस्कोने मराठ्यांचे 12 किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले. त्यातले 11 महाराष्ट्रातले, एक तामिळनाडूतला जिंजी. सुट्टीच्या दिवशी पोरं फावडी-घमेली घेऊन गड चढतात, झाडोरा काढतात, टाक्यांतला गाळ उपसतात. चांगलंच आहे. बुरूज ढासळावा, तटाला पिंपळ फुटावा असं कुणाला वाटेल? मलाही वाटत नाही. ज्या दगडाला आपल्या बापजाद्यांचा घाम लागलेला आहे तो दगड आपला नाही असं मी कधी म्हणणार नाही.

पण कवितेतला शब्द जसा उलटसुलट करून पाहावा लागतो तसा हा ‘जपणे’ शब्द मी उलटून पाहतो. काय जपायचं? कुणासाठी खुलं करायचं? आणि आत आलेल्या माणसाला काय सांगायचं? दगड तर तोंड उघडत नाही. त्याच्या वतीने पाटी बोलते, गाईड बोलतो, पुस्तक बोलतं, व्याख्याता बोलतो. म्हणजे किल्ला ही एक संहिताच झाली. कुणीतरी ती लिहितो, कुणीतरी ती वाचतो, आणि लिहिणारा काही ओळी गाळतो. जिथे ओळी गाळल्या जातात तिथे समीक्षेचं काम सुरू होतं. प्रस्थापित समीक्षक म्हणतील, किल्ला ही काय साहित्यकृती आहे का? असू दे. त्यांच्या कृती त्यांना लखलाभ. मी सूतगिरणीत रिंगफ्रेमवर उभा राहणारा माणूस. माझं वाचन पाळी सुटल्यावरचं. मला जे वाचावंसं वाटतं ते मी वाचतो.

या लेखापुरता मी एकच किल्ला घेतो, दौलताबादचा. आणि त्याच्याशेजारी एकच प्रकरण ठेवतो, बाबासाहेबांच्या ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’तलं. दोन्ही संहिता एकाच जागेबद्दल बोलतात, पण दोन वेगळ्या जगांबद्दल.

आधी किल्ल्याची नेहमीची संहिता पाहू. ती अशी असते. यादव राजा भिल्लम याने बाराव्या शतकात इथे राजधानी केली. 1296 साली अल्लाउद्दीन खिलजी चालून आला. 1327 साली महंमद तुघलकाने दिल्लीची राजधानी इथे हलवली आणि देवगिरीचं दौलताबाद केलं. मग बहामनी, मग निजामशाही, 1633 साली मोगल, पुढे हैदराबादचा निजाम. कडा चारी बाजूंनी तासून सरळ केलेला, भोवती खडकात कोरलेला खंदक, आत शत्रूला चकवणारी अंधारी. पंधराव्या शतकातला चाँद मिनार. चिनी महालात गोवळकोंड्याचा शेवटचा सुलतान कैद होता. मेंढा तोफ. दूरच्या डोंगरांवरून खापरी नळांनी पाणी आणून भरलेले हौद आणि बारवा, प्रचंड हत्ती हौद.

यातलं काही खोटं नाही. सगळं खरं आहे आणि थोर आहे. तो कडा पाहिला की छाती दडपते. पण या संहितेचं व्याकरण बघा. प्रत्येक वाक्याचा कर्ता राजा आहे. राजाने बांधलं, राजाने जिंकलं, राजाने कोंडलं. हातात छिन्नी धरलेला माणूस कर्ता नाही आणि कर्मही नाही. कडा ‘तासला गेला’, खंदक ‘खोदला गेला’. कुणी खोदला? उत्तर नाही. शाळेत आपल्याला कर्मणी प्रयोग शिकवला तेव्हा मास्तरांनी सांगितलं नव्हतं की इतिहासात तो कुणाला गायब करायला वापरतात.

अन् या संहितेतलं सगळ्यांत अभिमानाचं प्रकरण कुठलं? पाण्याचं. पाणी कसं आणलं, कसं साठवलं, वेढा पडला तरी कसं पुरवलं. जाणकार माणूस तासभर सांगेल आणि तुम्ही तोंडात बोट घालाल.

आता दुसरी संहिता.

1934 साल. बाबासाहेब आणि चळवळीतली तीसेक माणसं वेरूळची लेणी पाहायला निघाली. वाटेत दौलताबाद. मुलूख निजामाचा. प्रवासात कुणाला जात कळू नये असं त्यांनी ठरवलं होतं, म्हणजे जेवणपाण्याची पंचाईत होणार नाही. मुक्कामाच्या जागी तेवढं कळवलेलं. दौलताबादला मात्र तिथली अस्पृश्य मंडळी वाट पाहत होती. त्यांनी चहापाणी करून ठेवलं होतं. उतरा, चहा घ्या, मग किल्ला पाहा, असा त्यांचा आग्रह. पण दिवस कलत आला होता. अंधार पडायच्या आत किल्ला पाहून येतो, चहा परतताना घेऊ, असं सांगून गाड्या पुढे गेल्या.

रमजानचा महिना होता. किल्ल्याच्या दरवाजाबाहेर एक छोटा हौद होता, काठोकाठ भरलेला, भोवती फरसबंदी. अंगावर प्रवासाची धूळ. माणसांनी हातपाय-तोंड धुतलं आणि ती दरवाजाकडे गेली. आत जायची परवानगी कशी काढायची हे पहारेकऱ्याला विचारत होते, तोच मागून एक पांढऱ्या दाढीचा म्हातारा मुसलमान ओरडत आला की ढेडांनी हौद बाटवला. बघता बघता जमाव जमला. शिव्या सुरू झाल्या. आम्ही परगावचे, इथली रीत आम्हाला ठाऊक नाही असं यांनी सांगितलं, तर राग वळला तिथल्या अस्पृश्यांवर. तुम्ही यांना का सांगितलं नाही? ते बिचारे तर मागून आलेले. शेवटी बाबासाहेबांनी चढ्या आवाजात विचारलं की हेच तुमचा धर्म शिकवतो का, आणि उद्या अस्पृश्य मुसलमान झाला तर त्याला या हौदावर अडवाल का? जमाव गप्प झाला. पहारेकऱ्याने नाव मागितलं. बाबासाहेबांनी कागदावर लिहून दिलं. कागद आत साहेबाकडे गेला. हुकूम आला की किल्ला पाहा, पण आत कुठेही पाण्याला हात लावायचा नाही. अन् हात लावत नाहीत ना हे पाहायला बरोबर एक हत्यारबंद शिपाई दिला.

मित्रांनो, ‘किल्ला लोकांसाठी खुला’ याचा 1934 चा अर्थ हा असा आहे.

आता हे लेखन साहित्य म्हणून वाचू. कारण आपण ते बहुतेक वेळा पुरावा म्हणून वापरतो आणि लेखन म्हणून वाचायचं विसरतो.

पहिली गोष्ट चहाची. पाहुण्यांसाठी चहा करून ठेवणारी ती घरं या मजकुरात दोनचार वाक्यांपुरती येतात. परतताना चहा घेतला की नाही हे बाबासाहेब सांगत नाहीत. मला ती न सांगितलेली गोष्ट फार मोठी वाटते. गाड्या वेरूळला निघून जाणार. जमाव मात्र तिथेच राहणार आणि दौलताबादचे आपले लोकही तिथेच राहणार. उद्या सकाळी त्याच लोकांच्या दारावरून त्यांना जायचं आहे. म्हणून बाबासाहेब लिहितात की चूक खरी आमची, आम्ही न विचारता हात धुतले. हे वाक्य जमावापुढे वाकणारं मुळीच नाही. गावात मागे राहणाऱ्या माणसाच्या पाठीवरचं ओझं त्याने आपल्या अंगावर घेतलं आहे. ज्याने 20 मार्च 1927 ला महाडात ओंजळ भरून पाणी प्यायलं त्याला पाण्यावरचा हक्क कुणी शिकवायचा? पण त्या संध्याकाळी त्याच्या डोळ्यांपुढे मागे राहणारी माणसं होती. कार्यकर्त्याने हे प्रकरण या एका वाक्यासाठी तरी वाचावं. बाहेरून येऊन भाषण ठोकून निघून जाणारे आपल्यातही कमी नाहीत.

दुसरी गोष्ट नावाची. कोलंबियाची डॉक्टरेट, लंडनची डी.एस्सी., बॅरिस्टर, गोलमेज परिषदेत बसून आलेला माणूस. त्याचं नाव कागदावर लिहिलं तेव्हा दार उघडलं. मग नाव नसलेल्याचं काय? कागदावर नाव लिहिताच न येणाऱ्याचं काय? बाबासाहेब स्वतःच्या पदव्यांबद्दल तिथे एक अक्षर लिहीत नाहीत. ओरडत नाहीत, छाती पिटत नाहीत. म्हातारा आला, माणसं जमली, कागद आत गेला, शिपाई बरोबर आला, असं एकामागोमाग एक सांगत जातात. आपल्या कवितेला मी हेच सांगीन. आपण आग, ज्वाला, सूर्य, वणवा फार लिहितो. हत्यारबंद शिपाई माणसावर नजर ठेवून चालला आहे, का, तर त्याने पाण्याला हात लावू नये म्हणून! यापुढे कुठली उपमा टिकणार आहे? प्रसंग नीट सांगितला की तो आपोआप पेटतो.

तिसरी गोष्ट आजच्या दृष्टीने सर्वांत निकडीची. हा प्रसंग आज दोन तऱ्हांनी नासवला जातो. एक टोळी तो मोबाईलवरून गावभर फिरवते: बघा, तुमच्या बाबासाहेबांना कुणी अडवलं ते, आता तरी आमच्या झेंड्याखाली या. दुसरीकडे आपलेच काही भले मित्र हा प्रसंग झाकून ठेवतात. दलित-मुस्लिम एकी बिघडेल अशी त्यांना भीती. दोघंही अर्धं वाचतात.

पुरं पुस्तक उघडा. त्यात सहा प्रकरणं आहेत. लहानपणी गोरेगावच्या वाटेवर गाडीवाले कोण होते? बडोद्यात पारशी उतारशाळेतून काठ्या घेऊन कुणी बाहेर काढलं? 1929 साली चाळीसगावला कुठला टांगेवाला महाराला घेऊन जायला तयार नव्हता? काठेवाडात बाळंतिणीला तपासायला खळखळ करणारा डॉक्टर कोण होता? दौलताबादचं प्रकरण या रांगेत उभं आहे. रांगेतून त्याला एकटं ओढून काढणारा माणूस चोरी करतो. बाबासाहेबांचा निष्कर्ष सरळ आहे की जो हिंदूला अस्पृश्य तो पारशालाही अस्पृश्य आणि मुसलमानालाही अस्पृश्य. म्हणजे रोग कुठे उपजला आणि कुठे कुठे पसरला हे एका वैद्याने टिपून ठेवलं आहे. ज्याच्या घरात रोग उपजला त्याने शेजाऱ्याकडे बोट दाखवून मोकळं होऊ नये. अन् शेजाऱ्यानेही आमच्या ग्रंथात हा रोग नाही म्हणून सुटू नये. ग्रंथात नव्हता, हौदावर होता. त्या जमावाला विचारलेला प्रश्न नुसता रागाचा मी मानत नाही. पुढच्या वर्षी, 13 ऑक्टोबर 1935 ला येवल्यात त्यांनी हिंदू म्हणून मरणार नाही असं जाहीर केलं. ते डोक्यात ठेवून हा प्रश्न पुन्हा वाचा. मला तो धर्म तपासून पाहणाऱ्या माणसाचा प्रश्न वाटतो.

आता पुन्हा किल्ल्याकडे. त्याच निजामाच्या राज्यात 1914 साली पुरातत्त्व खातं निघालं. गुलाम याझदानी त्याचे संचालक. अजिंठ्याची चित्रं वाचवायला 1920 च्या सुमारास थेट इटलीहून कारागीर बोलावले. केवढी काळजी! भिंतीवरच्या रंगाचा पोपडा पडू नये म्हणून सातासमुद्रापलीकडची माणसं आणली. अन् त्याच अजिंठा-वेरूळच्या मुलखात जिवंत माणसाचा हात पाण्याला लागू नये म्हणून बंदूक. मी याझदानींना दोष देत नाही. त्यांचं काम मोठं आहे आणि आपल्या लेण्यांवर त्यांचे उपकार आहेत. मी एवढंच म्हणतो की दगडाची आणि चित्राची कदर करणारी व्यवस्था माणसाची कदर करीलच असं नाही. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. वारशाचा गजर करणाऱ्यांना हे पुन्हा पुन्हा सांगावं लागेल.

याच किल्ल्याचं मराठी साहित्याशीही नातं आहे. एकनाथांचे गुरू जनार्दनस्वामी इथले किल्लेदार, आणि नाथ इथे त्यांच्याजवळ राहिले अशी परंपरा सांगते. नाथांनी ‘जोहार’ लिहिले. महाराच्या तोंडून, महाराच्या मुजऱ्याने सुरू होणारे. समीक्षक त्यात समता पाहतात. मीही नाथांना लहान करणार नाही. त्या काळात महाराच्या तोंडी ज्ञान घालायला छाती लागते. पण तो आवाज उसना आहे. जोहारातला महार मायबापापुढे वाकूनच ज्ञान सांगतो. त्याला तहान लागत नाही. 1934 साली त्याच किल्ल्याच्या दारात महार स्वतः येतो, त्याला तहान आहे, अंगावर धूळ आहे, आणि तो जोहार करत नाही. तो विचारतो, आत जाता येतं की नाही ते सांगा, नसेल तर आम्ही थांबत नाही. जोहारापासून या प्रश्नापर्यंतचं अंतर हाच दलित साहित्याचा इतिहास आहे. कुठल्या विद्यापीठाने तो असा शिकवला तर मला आनंद होईल.

हे सगळं मी गिरणीतला माणूस म्हणून जास्त समजू शकतो. मुंबईच्या गिरण्यांत विणकामाच्या खात्यात अस्पृश्याला घेत नव्हते. का? धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, सुताला थुंकी लागे. महाराची थुंकी इतरांना कशी चालणार? पगार त्या खात्यात जास्त आणि तेच खातं बंद. 1928 च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढे आणला. लाल बावट्याच्या पुढाऱ्यांनाही तो ऐकावा लागला. पुढे 1982 चा संप झाला, अडीच लाख कामगार उतरले, आणि गिरण्या एकेक करून गेल्या. आज त्यांच्या जागी टॉवर आणि मॉल आहेत आणि एखादी चिमणी तेवढी शोभेला ठेवली आहे. चिमणीखाली फोटो काढतात. चिमणी जपली, पण धोट्याची गोष्ट जपली का? ती सांगितल्याशिवाय ती चिमणी म्हणजे नुसता विटांचा ढीग.

म्हणून मी म्हणतो, जतन हे चुन्या-दगडाचं काम आहेच, पण तेवढंच नाही. दौलताबादच्या आत भारतमातेचं मंदिर आहे. ती मूळची मशीद, चौदाव्या शतकातली. तिच्यातले खांब त्याहून जुन्या देवळांतले. 1948 च्या पोलीस कारवाईनंतर तिथे मूर्ती बसली. म्हणजे एका चौकात तीन थर. प्रत्येक टोळी आपल्याला सोयीचा थर दाखवते आणि दुसऱ्याचा पुसायला निघते. नावावरून मारामाऱ्या, देवगिरी की दौलताबाद. मला दोन्ही नावं चालतात. दोन्ही नावांच्या काळात गावकुसाबाहेर वस्ती होतीच. पण या सगळ्या थरांवर एक थर असा आहे की ज्याचा दगडावर ओरखडासुद्धा नाही. पाण्यावर खूण राहत नाही. शिपाई बरोबर चालला, त्याची पावलं उठलेली नाहीत. तो थर फक्त कागदावर आहे. बाबासाहेबांच्या हस्ताक्षरात तो होता. ते 1956 साली गेले, आणि हा मजकूर पीपल्स एज्युकेशन सोसायटीने पुस्तिका म्हणून छापला 1990 च्या मार्चमध्ये. मग वसंत मून यांच्या संपादनाखाली शासनाच्या बाराव्या खंडात आला. कुणीतरी तो कागद जपला म्हणून आपल्याला तो किल्ला दिसला. याला मी जतन म्हणतो. चुन्याने भेग बुजवणाऱ्या कारागिराइतकाच तो कागद सांभाळणारा हात मोठा आहे.

कुणी म्हणेल, हे लोक काही सुंदर दिसलं की त्यात जात उकरून काढतात. भाऊ, जात आम्ही उकरत नाही. ती हौदाच्या काठावर उभी होती. अन् आमचा काही जतनाला विरोध नाही. राज्यघटना उघडा. कलम 49 म्हणतं की राष्ट्रीय महत्त्वाची स्मारकं जपणं हे राज्याचं कर्तव्य. कलम 15 म्हणतं की सार्वजनिक विहिरी, तलाव, घाट वापरायला जातीवरून कुणाला मनाई करता येणार नाही. कलम 17 अस्पृश्यताच मोडीत काढतं. तिन्ही कलमं एकाच ग्रंथात आणि मसुदा समितीचा अध्यक्ष तोच, ज्याला दौलताबादला पाणी नाकारलं. सूड घ्यायचा असता तर त्याने लिहिलं असतं की पाडा ते किल्ले. त्याने लिहू दिलं की जपा. फक्त हौद सगळ्यांना खुला करून जपा. आपली भूमिका यापेक्षा वेगळी असायचं कारण नाही.

तेव्हा तरुण कार्यकर्त्यांनो, किल्ल्यांकडे पाठ फिरवू नका. ते इतरांच्या ताब्यात देऊन मोकळे होऊ नका. सहल काढा. गडावर श्रमदान चाललं असेल तर घमेलं उचला, पण घमेलं उचलताना विचारा की हा तट कुणी रचला, मेटांवर राखणीला कोण होतं, पाणी कुणाला होतं आणि कुणाला नव्हतं. दौलताबादला जाल तेव्हा पाट्या नीट वाचा. त्यात 1934 आहे का पाहा. असेल तर कुठल्या शब्दांत आहे ते पाहा. नसेल तर लेखी मागणी करा, सभ्यपणे, पुन्हा पुन्हा करा. ज्या गाईडचं पोट या किल्ल्यावर आहे त्याच्याशी भांडू नका. त्याला ते प्रकरण वाचायला द्या. त्यालाही कुणी सांगितलेलं नसतं. तिथल्या वस्तीत जा, म्हाताऱ्या माणसांना भेटा, आज्या-पणज्यांकडून काय ऐकलं ते विचारा आणि वहीत उतरवून घ्या. त्या चहाचं पुढे काय झालं हे कदाचित एखाद्या घरात माहीत असेल. पुस्तकात नसलेली ओळ वस्तीत सापडते.

अन् दरवाजाशी उभं राहून ते प्रकरण मोठ्याने वाचा. मराठीत वाचा, हिंदीत वाचा, उर्दू येणाऱ्या दोस्ताला बरोबर घ्या आणि त्याच्याकडून उर्दूत वाचून घ्या. अर्धं वाचू नका. गोरेगावच्या गाडीपासून सुरू करा, म्हणजे ऐकणाऱ्या कुठल्याही टोळीला टाळ्या वाजवायला जागा राहणार नाही.

वाचून झालं की बाटलीतलं पाणी सगळ्यांनी प्या. आधी तिथे पाहायला आलेल्या अनोळखी माणसाला द्या. तो कुठल्या जातीचा, कुठल्या धर्माचा हे न विचारता द्या.